दुसऱ्यांदा विचारायचं नसतं

त्या दिवशी गेलन माझ्या सायकलच्या दुकानात आला, तो हवा भरायच्या हातपंपाचं वायसर बदलून घ्यायला. बस, एवढंच काम. सतरा ऑक्टोबर, दोन हजार चोवीस, गुरुवार. तारीख लक्षात राहिली, कारण त्या रात्री पौर्णिमा होती आणि चंद्र नेहमीपेक्षा मोठा दिसणार म्हणून रेडिओवाले सकाळपासून कान खात होते.

कोडी, तो दिवा मालव रे. किडे येतात. आणि असा इकडे पुढे ये, तोंड लपवून बसू नकोस. ही गोष्ट तुझ्यासाठीच आहे. दुपारी चढावर सायकल उलटी टाकून बसला होतास. पोरींनी विचारलं, सगळं आहे का, तर छाती काढून म्हणालास, "आहे, व्हा पुढे." आणि पिशवीत काय निघालं? अर्धा बिस्किटाचा पुडा! शेवटी या म्हाताऱ्याला पिकअप घेऊन यावं लागलं. हसू नका रे बाकीचे, तुम्हीही काही धुतल्या तांदळासारखे नाही आहात.

ऐका. इकडून तिकडून उचललेली गोष्ट नाही ही. ज्याच्यावर बेतली, त्याच्या तोंडून ऐकलेली आहे. गेलननं मला ती एकदाच सांगितली, त्याच रात्री, आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. मीही काढला नाही.

गेलन व्होथ. आपल्या एल्क रिज गावाच्या उत्तरेला त्याची ज्वारी आणि गव्हाची शेती. उंच, हाडकुळा, बोलायला महाग. बायको ट्वायला त्याच्या दुप्पट बोलायची, म्हणून संसाराचा हिशेब बरोबर जमला होता. आणि एक मुलगी, टेसा.

आता टेसाचं काय सांगू... शाळेत असल्यापासून माझ्या दुकानात पडलेली असायची. चाकाचे आरे ओढून सरळ करायला शिकली, चेन तोडायला-जोडायला शिकली. पंक्चर तर झोपेतसुद्धा काढेल अशी पोरगी. पण गुरुवारच्या सायकलफेरीत हिची सायकल बसली रे बसली, की चार बाप्ये धावत यायचे, "दे इकडे, मी करतो." पोरीला त्याची अशी चीड! एकदा एकाच्या हातातून तिनं टायर काढायची पट्टी हिसकावून घेतली आणि म्हणाली, "काका, तुमची चेन चिमणीसारखी ओरडतेय, आधी तिला तेल पाजा." सगळा घोळका हसला. तेव्हापासून तिच्या वाटेला कोणी गेलं नाही.

आपली रीत तुम्हाला माहीतच आहे. कोणाचं काही मोडलं की हाक पुढे पोचवायची. मोडलेल्या जागी गर्दी करायची नाही, पुढच्या चौकात जाऊन थांबायचं. जवळून जाताना मात्र प्रत्येकानं विचारायचं, ठीक आहेस का, सगळं आहे का. समोरचा म्हणाला, सगळं आहे, की पुढे व्हायचं. दुसऱ्यांदा विचारायचं नाही. दुसऱ्यांदा विचारलं तर त्याचा अर्थ, तुला जमत नाही. ते लागतं माणसाला. बापाचं विचारणं तर मुलीला जास्तच लागतं.

दोन हजार एकोणीसचा जून. गुरुवारच. फेरी पाइपर रोडवर होती आणि पश्चिमेकडून आभाळ काळं होऊन आलं. विजा चमकायला लागल्या. त्या उघड्या टेकड्यांवर विजेत सापडलात तर लपायला झाड नाही की छप्पर नाही, तेव्हा सगळे जीव खाऊन पळत होते. आणि पाइपर ओढ्यापुढच्या चढावर टेसाचं मागचं टायर गेलं. तिनं सायकल उलटी केली, गुडघे टेकून बसली. एकेक जण विचारत गेला. "सगळं आहे, व्हा पुढे." सगळ्यात शेवटी गेलन आला. त्यानंही विचारलं, ठीक आहेस? ठीक आहे. सगळं आहे? "सगळं आहे, बाबा. हो पुढे."

आणि तो पुढे झाला.

तिच्याकडे ट्यूब नव्हती. जवळची एकुलती एक ट्यूब तिनं तासाभरापूर्वी भलत्याच एका अनोळखी सायकलवाल्याला देऊन टाकली होती. मग ती पावसात सायकल ढकलत निघाली असणार. समोरून पिकअप आली. काचेवर पाणी, चढ संपतो तिथं पलीकडचं काही दिसत नाही... चालवणारा इथलाच होता. त्याचं नाव मी घेत नाही. तो जिवंत आहे, एवढंच म्हणायचं. चोवीस वर्षांची होती रे पोरगी.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच लोक बोलायला लागले. आधी आपली गुरांची डॉक्टरीण. रात्री कोणाची तरी गाय अडली म्हणून पाइपर रोडनं चालली होती. चढावर उलटी सायकल दिसली आणि पाठमोरी एक पोरगी. हिनं काच खाली करून विचारलं, बाई गं, काही हवंय का? तर म्हणाली, सगळं आहे, व्हा पुढे. ही पुढे झाली आणि आरशात बघितलं, तर रस्ता मोकळा. मग गुरांच्या ट्रकवाल्यानं पाहिलं. मग कॉलेजच्या पोरांनी. सगळ्यांना तेच उत्तर.

गेलनच्या कानावर ते गेलंच. गाव केवढंसं आहे! मला वाटलं होतं, हा माणूस भडकेल. भडकला नाही. दुसऱ्या गुरुवारपासून घोळक्याच्या शेवटी राहायला लागला. सायकलला मागे ही एवढी पिशवी. ट्यूबा, चेनच्या कड्या, वायर, चिकटपट्टी, जुन्या टायरचे तुकडे. ज्याचं मोडेल त्याचं करून द्यायचं, त्याला पुढे घालायचं आणि आपण मागून यायचं. लोक म्हणायचे, देवमाणूस आहे. अरे, देवमाणूस कसला! पोरीची वाट बघत होता तो. पाइपर रोड आला की त्या चढावर सायकल आडवी टाकून, दिव्याची बॅटरी संपेपर्यंत बसून राहायचा. पाच वर्षं. सगळ्या जगाला दिसली ती, बापाला दिसली नाही.

मी एकदा त्याला विचारलं, "दिसली तर काय करशील रे?" त्याच्या शेजारी बसून मी दारू पितोय आणि तो पाणी. त्यानं ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "मर्ल, माझ्या मुलीनं मला एकदा थांब म्हणावं. बाकी मला काही नको."

तर त्या सतरा तारखेला वायसर बसवून तो गेला. माझा गुडघा तुम्हाला ठाऊक आहे, मी फेरीला जात नाही. मी आपला पेट्रोल पंपावर, पिकअप लावून, राजम्याच्या तिखट रश्श्याचं पातेलं आणि दालचिनीचे रोल घेऊन बसलो. दहाबाराजण निघाले. सूर्य मावळला आणि इकडून तो चंद्र वर आला, भाकरीएवढा. रस्ता पांढरा फेक पडला होता.

पहिलं मोडलं ते शाळेतल्या नव्या मास्तरणीचं. गारगोटीची कड लागून बिनट्यूबचं टायर बाजूनं फाटलं आणि पंक्चर बुजवायला आत भरलेला पांढरा चीक तिच्या पाठीवर, केसांत, सगळीकडे. गेलननं आधी भोक बुजवायची रबराची वात खुपसून बघितली, ती थुंकल्यासारखी बाहेर आली. मग टायर उतरवलं, फाटलेल्या जागी आतून जुन्या टायरचा तुकडा लावला, ट्यूब घातली. मास्तरीण म्हणाली, "तुमचे कसे आभार मानू?" हा म्हणाला, "हवा थोडी कमी ठेवलीये. दगड बघून चालवा." झाले आभार.

दुसरं मोडलं पाइपर ओढ्याच्या अलीकडे. विचिटा शहरातून एक डेल म्हणून नवा गडी आला होता. त्यानं भर चढावर गिअर असा कचकन टाकला की मागचा गिअर आऱ्यांत गेला आणि मोडून लोंबायलाच लागला. बिचारा रडकुंडीला आला. बाकीचे रीतीप्रमाणे पुढच्या चौकाकडे गेले. गेलननं मोडका गिअर काढून टाकला, चेन तोडून आखूड केली, एकाच दातेरी चकतीवर चढवली.

"आता एकच गिअर. चढाला उतरून ढकलायचं. लाजायचं नाही."

"आणि तुम्ही?"

"मी हत्यारं आवरतो नि येतो. तू हो पुढे."

डेलचा मागचा लाल दिवा ओढ्यात उतरला, पलीकडे वर चढला, दिसेनासा झाला. गेलननं शांतपणे कड्या गोळा केल्या, पिशवी बांधली. फरशीपुलावर पाणी बोटभर होतं. त्यातून सायकल काढली. आणि त्याच्या लक्षात आलं, की वारा पडलाय.

तुम्ही इथलीच पोरं. वारा पडलेला कधी बघितलाय? इथं झोपेतही वारा ऐकू येतो माणसाला. त्या रात्री गवताचं पातं हलत नव्हतं. गेलनला स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

चढावर उलटी सायकल दिसली.

त्याला वाटलं, डेलच. चेन पुन्हा पडली असणार. "काय डेल, इतक्यात?" असं म्हणतच तो वर गेला.

डेल नव्हता.

पाठमोरी बसलेली. गुडघे खडीत टेकलेले. मागचं चाक काढून मांडीवर घेतलेलं. वेणी पाठीवर...

गेलन थांबला. एक पाय जमिनीवर. पाच वर्षांत या घडीला काय बोलायचं ते त्यानं हजारदा घोकलं होतं. घरी चल म्हणायचं होतं. माझं चुकलं म्हणायचं होतं. तोंडातून आलं ते रोजचंच.

"ठीक आहेस?"

"ठीक आहे."

तोच आवाज.

"सगळं... सगळं आहे?"

"सगळं आहे, बाबा. हो पुढे."

आणि पोरांनो, त्याचा पाय पेडलवर गेला. सवयीनं. मला हे सांगताना तो माणूस ढसाढसा रडला. म्हणाला, "मर्ल, पाय आपोआप गेला रे. पाच वर्षं वाट बघितली आणि माझा पाय पेडलवर गेला."

मग तो उतरला. सायकल गवतात आडवी टाकली. तिच्या मागे जाऊन उभा राहिला.

"टेसा. सगळं आहे का?"



...



तिचे हात थांबले होते. चेनच्या वंगणानं काळे झालेले हात. चाकावर तसेच.

"नाही."

"काय नाही?"

"ट्यूब नाही, बाबा."

"मग तेव्हा का नाही बोललीस गं?"

"वीज चमकत होती. तू थांबला असतास."

"थांबलो असतो."

"म्हणूनच."

 गेलन तिच्याशेजारी खडीत बसला. पिशवीतून ट्यूब काढली आणि पुढे केली. तिनं घेतली. बोटं लागली का, गार होती का, मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. त्यानं तिच्या हातातलं काही काढून घेतलं नाही. मी करतो म्हणाला नाही. नुसता दिवा धरला. तोंडाकडे बघायचं धाडस झालं नाही त्याला. म्हणाला, हात बघत होतो. तिचेच हात. ट्यूबमध्ये थोडी फुंकर मारून आकार आणायचा, व्हॉल्व्ह सरळ ठेवायचा, टायर अंगठ्यांनी चढवायचं. माझ्याच दुकानात शिकलेली रीत.

ती टायर चढवणार, तेवढ्यात हा म्हणाला, "आतून बोट फिरवून बघ. खडा राहिला असेल."

तिनं बोट फिरवलं. पूर्ण फेरा.

"नाही काही."

"परत एकदा बघ."

तिनं परत फिरवलं. सावकाश.

खडा नव्हता, हे त्यालाही माहीत होतं. चाक लागलं की ती जाणार, एवढंच त्याला कळत होतं. अजून एकदा बघ म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि ती म्हणाली, "बाबा, पुरे."

हवा भरली. चाक बसवलं. चेन हातानंच चढवली. सायकल सरळ केली.

"आता हो पुढे."

"नाही. मी शेवटचा आहे. शेवटचा पुढे जात नसतो."

तिनं त्याची सायकल गवतातून उचलून उभी केली.

मग म्हणाली, "थांबलास ना? झालं. आता आई एकटी आहे घरी. चल."

तो सायकलवर बसला. चढ तसा काही फार नाही, तुम्ही रोज चढता. पण डोळ्यांतून पाणी, खडी दिसेना, चाक इकडून तिकडे भटकायला लागलं. आता पडणार... आणि पाठीवर हात आला.

दमलेल्याला चढावर ढकलतात ना, तसा. दोन खांद्यांच्या मधोमध. सपाट तळहात. जोर फार नाही, पण एकसारखा.

खडीवर दोन सायकली वाजत होत्या.

मागं बघितलं असतं तर तोल गेला असता. हात सुटला असता. त्यानं बघितलं नाही. वर... वर... चढाचा माथा आला.

हात उचलला गेला.

त्यानं वळून बघितलं. रस्ता खाली ओढ्यापर्यंत पांढरा. कोणी नाही. मग गवत हललं, आणि वारा सुटला.

पेट्रोल पंपावर बाकीचे येऊन खात बसले होते. डेल सगळ्यांना आपल्या मोडक्या गिअरची कहाणी तिसऱ्यांदा सांगत होता. गेलन आला. मी विचारलं, "झाले सगळे? मागे कोणी नाही ना?" तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. कॉफी घ्यायला पाठ वळवली, तेव्हा मी त्याची जर्सी बघितली. फिकट पिवळी जर्सी. पाठीच्या मधोमध काळा पंजा. पाच बोटं, वंगणाची. आपला आपल्याला हात जिथं पुरत नाही, तिथं.

मी त्याला पिकअपमध्ये घातलं आणि घरी नेलं. वाटेत त्यानं सांगितलं, ते हे.

ट्वायला दारातच होती. स्वयंपाकघरात त्यानं तिलाही सगळं सांगितलं, टेबलाशी बसून, खाली बघत. ही एवढी बोलणारी बाई, मधे एक शब्द बोलली नाही. त्याचं संपलं तेव्हा म्हणाली,

"पाच वर्षं तू रस्त्यावर होतास. मी घरात होते, गेलन. दार उघडं ठेवून. माझ्याकडे का नाही आली?"

 

"आई एकटी आहे म्हणाली ती," गेलन म्हणाला.

"बरोबर बोलली," ट्वायला म्हणाली.

मग तिनं उठून त्याच्या अंगातली जर्सी काढून घेतली, लहान मुलाची काढावी तशी, डोक्यावरून. टेबलावर पसरली. त्या पंजावर आपला पंजा ठेवला, बोटावर बोट. किती वेळ ते मला माहीत नाही, मी अंगणात येऊन उभा राहिलो. रडू आलं की मला लोकांत बसवत नाही.

ती जर्सी तिनं धुतली नाही. स्वयंपाकघराच्या दाराला खिळा ठोकून त्यावर अडकवलीये. येता-जाता ती तिला हात लावते. कणीक मळायच्या आधी, कोंबड्यांना दाणे टाकून आल्यावर, रात्री दिवा घालवताना. आता वर्ष उलटून गेलं. वंगण बरं का पोरांनो, उघड्यावर चार दिवसांत सुकून खपलीसारखं होतं, सायकलवाल्याला हे सांगायला नको. मी मागच्या रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. ट्वायलानं माझ्या हातात ताट दिलं आणि मी बघितलं, तर तिचा तळहात काळा होता. ओला.